डालग्यांनी राखिलेले तळे

॥ श्री ॥ जळास नमन, जळाखालील चिखलास नमन, आणि चिखलात बसोन वर फूल धाडणाऱ्या कंदास त्रिवार नमन. शके सोळाशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरे, ते साली या राज्यातील राजबागेच्या तळ्यावर वानरांची आणि पाणकोंबड्यांची स्वारी जाहली, त्याचे साद्यंत वर्तमान लिहिले असे. लिहावयाचे कारण की, शेजारील मोठे राज्य जी थोरली गादी, तिच्या दरबारी भाट लोक भलतेच गाऊ लागले की ‘त्या टीचभर राज्यास एक फूल राखवेना’. ते ऐकोन आमच्या अंगाचा तिळपापड जाहला. मग खासा राणीसाहेब यमाऊसाहेब यांनी आज्ञा केली की, ‘घडले ते लिहा, आमचे चुकले तेही लिहा, फक्त रडगाणे लिहू नका.’ त्याप्रमाणे लिहितो. लेखकाचे नाव विचारू नये. लेखक दप्तरी कारकून, वय साठ, दात अकरा, आणि लिहिले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. पदरचे घातले असेल ते रागापोटी, लबाडीपोटी नव्हे.

आता राज्य म्हणावे तर केवढे? गाव सात, गढी एक, आणि गढीमागे राजबाग. एका सरहद्दीवर कोणी शिंकले तर दुसऱ्या सरहद्दीवर ‘शतायुषी’ म्हणावे, एवढाच विस्तार. तरी राज्य कोणाचे ताबेदार नाही. त्याची हकिकत ऐसी की, नऊ पिढ्यांमागे थोरल्या गादीची फौज गढीस वेढा देऊन बसली, आणि मृग लागला, आणि त्यांचे हत्ती चिखलात पोटापर्यंत रुतले, आणि मग त्यांस तहाची बुद्धी जाहली. तहात ठरले की, या राज्याने थोरल्या गादीस घोडा देऊ नये, माणूस देऊ नये, दाणा देऊ नये. फक्त दर साल आश्विन शुद्ध अष्टमीस आपल्या बागेतील तळ्यात फुललेले एक कमळ, थोरल्या गादीच्या वकिलासमक्ष, गढीवरील देवीच्या पायी वाहावे. वाहिले तर ध्वज राहिला. एक साल चुकले तर ध्वज उतरावा आणि गढीवर त्यांचे ठाणे बसावे. त्या लोकांनी मनात मांडे खाल्ले की, डोंगरातले पाणी ते किती, कमळ टिकेल दोन साले, फार तर तीन, मग मुलूख आयताच पदरात पडेल. ते कमळ नऊ पिढ्या टिकले. वकील दर साल येई, फूल पाही, पुरणपोळी जेवी, विडा खाई आणि परत जाई. तळे राखावयाचे काम धोंडाई माळीण हिजकडे. धोंडाईचे वय सत्तरीच्या घरात, नवरा वारला तेव्हापासोन तळे तिच्या हाती, आणि काष्टा मारोन कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली की तिला कोणी हाक मारू नये असा दंडक. हाक मारिली तर उत्तर येई, पण ते लिहिण्यासारखे नसे.

ऐसे सुरळीत चालले असता, ते साली चैत्रमासी थोरल्या गादीने सरहद्दीपलीकडील जुने रान तोडिले. तोफांस गाडे पाहिजेत म्हणोन उंबर, जांभूळ, ऐन, किंजळ, जे उभे दिसले ते आडवे केले. रान गेले, आणि मग रानातील वानरांनी जावे कोठे? ती ज्येष्ठात सरहद्द ओलांडोन आमच्या मुलखात आली, आणि रानातील पाणथळ आटली म्हणोन मागोमाग जांभळ्या पाणकोंबड्या आल्या. तांबड्या चोचीच्या, लांब तंगड्यांच्या, चालती मोठ्या ऐटीत. परवाना कोणीच दाखविला नाही. आणि दोन्ही फौजांनी येऊन राजबागेच्या तळ्यावर मुक्काम केला. वानरांनी कोवळी पाने ओरबाडावी, कळी दातांनी सोलावी, अर्धी खावी, अर्धी टाकावी आणि दुसरी तोडावी. पाणकोंबड्यांनी देठ पायाच्या बोटांत धरावा आणि मुळापासोन कुरतडीत वर यावे. आषाढ सरता सरता तळ्याचा हिरवा गालिचा फाटोन मधले काळे पाणी दिसू लागले, आणि गढीवरून ते पाणी पाहाताना यमाऊसाहेबांच्या मुखावर जे दिसले ते लेखकास पाहावले नाही. फूल गेले तर ध्वज गेला, हे राज्यात शेंबड्या पोरासही ठाऊक.

मग दरबार भरला आणि मसलत जाहली. दिवाण तिमाजीपंत हे बुद्धिमंत पुरुष, पण त्यांची बुद्धी नेहमी उंची वस्त्रे लेऊन बाहेर पडे. ते म्हणाले, ‘शत्रूस आधी धाक पाहिजे. बुजगावणे उभे करावे, आणि तेही शेतकऱ्याचे नव्हे, अधिकाऱ्याचे.’ आणि स्वतःचा जुना जरीकाठी अंगरखा व पगडी काढोन दिली. बुजगावणे उभे केले, लांबून पाहाता खुद्द पंतच तळ्यात उभे आहेत ऐसा भास व्हावा. दुसरे दिवशी सकाळी पाहातो तो वानरांचा म्होरक्या, मोठा धिप्पाड हुप्प्या, बुजगावण्याच्या खांद्यावर बसोन पगडीत उवा शोधीत आहे, आणि पगडीत काही न सापडल्याने त्याने ती स्वतःच्या मस्तकी ठेविली. त्या दिवसापासोन बागेतील माळी लोक हुप्प्यास ‘छोटे पंत’ म्हणो लागले. पंतांस हे कळले तेव्हा त्यांनी दोन दिवस अन्न वर्ज्य केले, म्हणजे दुपारचे. मग गोफणवाले आणिले. त्यांनी पहिल्याच दिवशी गुंडे मारोन सोळा देठ मोडले, बागेतील दोन कुंड्या फोडल्या, आणि वानरास एकही गुंडा लागला नाही. मग कोणी बोलिले की, बंदुका चालवाव्या. यावर यमाऊसाहेब बोलिल्या, ‘रान त्यांचे गेले, घर गेले, आता आम्ही जीवही घ्यावा काय? मारावयाचे नाही.’ आणि पुढे बोलिल्या, ‘पण द्यावयाचेही नाही.’ हे शब्द लेखकाने तत्क्षणी कागदावर टिपोन ठेविले.

तोच धोंडाई दरबारच्या दाराशी ओल्या लुगड्याने उभी होती, ती पुढे आली आणि म्हणाली, ‘आऊसायेब, बोलू का?’ आज्ञा जाहली की बोल. तेव्हा ती म्हणाली, ‘आवं, दर शनवारी पंत तळ्याच्या बांधावरल्या मारुतीम्होरं हरभरं अन् गूळ मांडत्यात. सगळ्या गावचं वानार पंगतीला बसतंय. गूळ खाल्ला की तहान लागती, मग तळ्यात उतरत्यात, पानी पेत्यात, अन् त्वांडात टाकायला म्हनून कवळी कळी मोडत्यात. शनवारी पाव्हनं म्हनून बोलवायचं, अन् ऐतवारी चोर म्हनून धोंडं हानायचं. त्या मुक्या जीवानं तरी काय समजावं?’ हे सत्य होते. बारा वर्षांमागे पंतांस साडेसाती लागली असता त्यांनी नवस केला होता, आणि तेव्हा मुलखात वानरे होती सहा. आता दोनशे होती आणि नवस तोच होता. आणि एकट्या पंतांसच दोष द्यावा तर गावातील घरटी मूठमूठ हरभरे त्या टोपलीत जात असत. लेखकाच्या घरूनही जात असत, वर गुळाचा खडा. आमचे चुकले ते हे. शत्रूची रसद आम्हीच पोचवीत होतो, वर हात जोडोन ‘जय मारुती’ म्हणत होतो. पंत संतापोन म्हणाले, ‘हा देवाचा नवस आहे, भाजीपाला नव्हे. मोडला तर राज्यावर कोप होईल.’ यमाऊसाहेबांनी विचारिले, ‘पंत, नवस मारुतीचा की वानरांचा?’ पंत म्हणाले, ‘मारुतीचा.’ ‘मग मारुतीस तेल घाला, शेंदूर लावा, शनिवार करा. हरभरे मात्र नदीपलीकडे टेकडीवर नेऊन मांडा. देव सर्वां ठायी आहे, तळे एकच आहे.’ पंत म्हणाले, ‘टेकडी उंच आहे, आऊसाहेब, आणि आमचे गुडघे...’ आऊसाहेब म्हणाल्या, ‘मग गुडघ्यांचेही मारुतीलाच सांगा, नवस त्याचाच आहे.’

पहिल्या शनिवारी बांधावर काही मांडिले नाही. वानरे नेमाने आली आणि रांगेने बसली. दोन प्रहर जाहले, तीन जाहले, मग छोटे पंत उठोन हुप् करोन ओरडले आणि सारी फौज तळ्यात उतरली. त्या दिवशी जे नुकसान जाहले ते मागील दोन महिन्यांत जाहले नव्हते. लोक तोंडे पाडोन उभे राहिले, म्हाताऱ्या बायका कानांस हात लावो लागल्या, आणि पंत म्हणाले, ‘पाहिलात कोप?’ यमाऊसाहेब बांधावर उभ्या होत्या. पायाशी तुटलेली कळी पडली होती ती उचलोन त्या म्हणाल्या, ‘कोप नव्हे, भूक आहे. भूक टेकडीची वाट शिकेल. तोवर आम्ही नुकसान सोसू, पण वाट सोडणार नाही.’ आता पंतांची एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर लेखणीस पाप लागेल. दुसऱ्या शनिवारी पंत स्वतः हरभऱ्यांची टोपली डोईवर घेऊन, काठी टेकीत, वाटेत सात ठिकाणी बसोन, टेकडी चढले. चाकरांच्या हाती दिली नाही, कारण नवस त्यांचा होता. तिसऱ्या शनिवारी निम्मी वानरे त्यांच्या मागोमाग टेकडीवर गेली. लेखकाने पंतांची पुष्कळ थट्टा केली आहे आणि पुढेही करील, पण त्या टेकडीस स्मरोन एक मुजरा.

परंतु निम्मी वानरे गेली तरी निम्मी राहिली, आणि पाणकोंबड्यांस नवस ना उपवास, त्या जागच्या हलल्या नाहीत. तळ्यात जिते कंद राहिले मोजके, आणि श्रावण अर्धा सरला. तेव्हा एके सकाळी धोंडाई आपल्या दारी बसली असता आकाशात घार फिरू लागली आणि तिच्या सुनेने धावोन पिले डालग्याखाली झाकिली. डालगे म्हणजे कोंबड्या झाकावयाची बांबूची जाळीदार टोपली, गरिबाघरीही दोन असावयाची. धोंडाईने ते पाहिले, उठली, आणि तशीच गढीवर येऊन म्हणाली, ‘आऊसायेब, कमळं डालायची.’ पंत हसो लागले. म्हणाले, ‘थोरल्या गादीस काय लिहावे? की आम्ही आजकाल कमळे उबवितो?’ धोंडाई म्हणाली, ‘पंत, कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई. कमळ झाकलं तर फुलायचं कशानं ऱ्हाईल? ऊन आत आलं म्हंजी झालं.’ यावर पंतांनी तपकीर ओढली.

मग राणबा बुरूड यास हुजूर बोलाविले आणि पन्नास डालगी विणावयाचा हुकूम जाहला. पहिली वीस डालगी तळ्यात सोडिली तो ती तरंगली, आणि वाऱ्याने फिरो लागली, आणि उलटली, आणि उलट्या डालग्यांत पाणकोंबड्यांनी अंडी घातली. लोक पोट धरोन हसले. लेखकही हसला, मग लाज वाटली. राणबा मात्र हसला नाही. त्याने डालगी उंच केली, प्रत्येकीस चार मेखा ठेविल्या, मेखा चिखलात हातभर ठोकिल्या, आणि वर दोरीने एकेक धोंडा बांधिला. आता प्रश्न पडला की जाळी केवढी असावी? बारीक केली तर ऊन आत जाईना, मोठी केली तर वानराचा हात आत जाईल. आणि वानराच्या मुठीचे माप द्यावयास वानर येईना. राणबाने दरबारात चहूकडे पाहिले आणि लेखकास म्हणाला, ‘काका, जरा हात द्या.’ लेखकाची मूठ वानराच्या मुठीएवढी असल्याचे सर्वानुमते ठरले, त्यास पंतांनी सर्वांआधी मान डोलाविली. त्या मापाहून किंचित बारीक जाळी विणली. मग धोंडाईने तळ्याच्या काठाने दाट वेखंड लाविले, की उग्र वासाने नवे कोणी सहज शिरू नये. कंदही तळाशी टोपल्यांत बसवोन टोपल्यांवर दगड ठेविले, की कोणी ओढिले तरी कंद उपटोन येऊ नये. वानरे आली, डालग्यांवर बसली, जाळीत बोटे घालोन पाहिली, डालगी हालवोन पाहिली, आणि छोटे पंत एका डालग्यावर दिवसभर बसोन राहिले. डालगे वाकले, पण हालले नाही. भाद्रपदात नवी पाने फुटली. आश्विन लागला तेव्हा तीन डालग्यांखाली तीन कळ्या होत्या, आणि सातही गावची माणसे बांधावर येऊन त्या तीन कळ्या पाहोन जात होती. कित्येकांच्या डोळ्यांस पाणी आले. लेखकाच्याही आले, ते वेखंडाच्या वासाने आले ऐसे त्याने सांगितले.

आश्विन शुद्ध सप्तमीस थोरल्या गादीचा वकील निंबाजीराव आला. एरवी वीस स्वार आणीत असे, ते साली पाचशे आणिले. म्हणजे ठाणे बसवावयाचा सरंजाम सोबतच होता, हे न कळावयास आम्ही दूधखुळे नव्हतो. निंबाजीराव मोठा गोड बोलणारा. म्हणाला, ‘ऐकिले की कमळे झाकोन ठेविली आहेत. फुले खरी की कापडाची, हे पाहाणे आमचे कर्तव्य.’ यमाऊसाहेब म्हणाल्या, ‘पाहावे.’ धोंडाई म्हणाली, ‘पाव्हनं, बघा, पर डालगं उचाललं की मेखा परत ठोका अन् धोंडा परत बांधा.’ वकिलाची माणसे सायंकाळी तळ्यात उतरली, तिन्ही डालगी उचलिली, फुले पाहिली, हुंगली, आणि डालगी नुसती वर टेकवोन परत आली. ना मेखा ठोकिल्या, ना धोंडे बांधिले. मुद्दाम की गाफीलपणे, हे देव जाणे. लेखकास विचाराल तर मुद्दाम. आणि धोंडाईने फिरोन का पाहिले नाही म्हणाल, तर वकिलाच्या पहाऱ्याने बांधावर तिला येऊच दिले नाही की, पाहणी जाहल्यावर राज्याच्या माणसाने फुलास हात लावू नये, ऐसा म्हणे नियम. नऊ पिढ्यांत हा नियम कोणी ऐकिला नव्हता.

अष्टमीस सूर्य वर आला आणि पूजेची तयारी जाहली आणि धोंडाई फूल आणावयास गेली. मग बांधावरून तिची किंकाळी आली. सारे धावले. दोन फुले देठापासोन नाहीशी होती. तिसरे होते, पण अर्धे. एका अंगाच्या पाकळ्या शाबूत, दुसऱ्या अंगास दातांच्या खुणा, आणि मधला पिवळा गाभा कुरतडलेला. धोंडाई पाण्यात उभी राहोन ऊर बडवीत होती. ‘चाळीस सालं राखलं, आन आज माझ्या नजरंआड...’

तेव्हा निंबाजीराव पुढे आला. त्याने चाकराच्या हातून चांदीचे तबक घेतले, वरील ओले फडके काढिले, तो आत टपोरे, ताजे, शंभर पाकळ्यांचे कमळ. म्हणाला, ‘हे आमच्या धन्याच्या बागेतील. वाटेत कामास येईल म्हणोन आणिले होते. आऊसाहेबांनी हेच वाहावे. मी लिहीन की यांचेच फूल होते. ध्वज राहील, मान राहील, कोणास कळणार? आणि पुढे दर साल आम्हीच धाडीत जाऊ. आऊसाहेबांस डालग्यांचा त्रास नको.’ आता खरे लिहावयाचे तर लेखकाच्या मनात आले, घ्यावे. पाचशे स्वार होते. आमचे शिपाई सत्तर, त्यात तिघांस हिवताप. यमाऊसाहेबांनी पंतांकडे पाहिले. सर्वांस वाटले, पंत म्हणणार, घ्यावे. पंतांनी काठीवर दोन्ही हात ठेविले आणि म्हणाले, ‘आऊसाहेब, हे घेतले तर ध्वज राहील, पण त्याखाली उभे राहावयास आम्हांस तोंड राहाणार नाही. मी त्या टेकडीवर उगाच चढलो नाही.’

यमाऊसाहेबांनी वकिलास म्हटले, ‘आपले फूल झाकोन ठेवा, वाळेल.’ आणि धोंडाईस म्हटले, ‘आण.’ धोंडाईने ते अर्धे कमळ खुडोन ओंजळीत आणिले. वकिलाचा गोडवा तेथे संपला. तो म्हणाला, ‘हे तर उष्टे! देवीस उष्टे वाहाणार? आणि शबरीची कथा सांगू नये, ती आम्ही ऐकिली आहे.’ यमाऊसाहेब म्हणाल्या, ‘कथा सांगत नाही, हिशेब विचारिते. हे दात कोणाचे? आपल्या रानातील वानरांचे. आपल्या धन्याने रान खाल्ले, म्हणोन रानाने आमचे तळे खाल्ले. डालगे राहिले होते, ते काल आपल्या माणसांनी उचलिले. इतक्या जणांनी खाऊन जे उरले ते हे आहे, आणि ते आमच्या तळ्यात फुलले आहे. यापेक्षा अस्सल फूल नऊ पिढ्यांत देवीस गेले नसेल.’ ऐसे बोलोन त्या गाभाऱ्यात गेल्या आणि ते फूल देवीच्या पायी ठेविले. गुरवाने कोणाच्या आज्ञेची वाट न पाहाता घंटा वाजविली. बाहेर सातही गावचे लोक उभे होते, त्यांनी असा गजर केला की पाचशे घोडी बिथरली. निंबाजीराव म्हणाला, ‘मी लिहीन की कमळ वाहिले गेले नाही.’ यमाऊसाहेब म्हणाल्या, ‘लिहा. खोटे लिहिताना हात कापला तर आमचा कारकून लिहोन देईल, त्याचे अक्षर चांगले आहे.’ लेखक एवढा ताठ उभा राहिला की पाठीत उसण भरली. वकिलाने भोवतालची गर्दी पाहिली. सातही गाव ध्वजाच्या काठीभोवती खांद्यास खांदा लावोन उभे होते, कोणाच्या हाती विळा, कोणाच्या हाती मुसळ, राणबाच्या हाती बांबू तासावयाचा कोयता. पाचशे स्वारांस एवढ्याशा चौकात घोडे वळवावयासही जागा नव्हती. निंबाजीराव न जेवता, विडा न घेता परत गेला. पुरणपोळ्या मग आम्हीच खाल्ल्या.

माघमासी थोरल्या गादीचे पत्र आले की, मागील अष्टमीचे फूल आम्हांस मान्य नाही, एकाच सालाची मुदत देतो, येत्या अष्टमीस खासा फौजेनिशी येऊन पाहू, आणि तळ्यात निर्मळ कमळ नसेल तर ध्वज उतरवोन जाऊ. यमाऊसाहेबांनी पत्र ऐकिले आणि धोंडाईस बोलाविले. म्हणाल्या, ‘धोंडाई, एकच तळे राखू गेलो म्हणोन एकाच तळ्यावर सगळ्यांचा डोळा.’ धोंडाई म्हणाली, ‘मग कंद वाटू की. कमळाला तळंच लागतंय आसं कुनी सांगितलं? हातभर पानी अन् टोपलीभर चिखुल दिला तर दारातबी फुलतंय.’ आणि मग फाल्गुनात धोंडाईने तळे उपसोन कंद काढिले, प्रत्येक कंद डोळा राखोन कापिला, आणि सातही गावांत घरटी एक दिला. कोणी गुरांच्या पाण्याच्या डोणीत लाविला, कोणी रांजणात, कोणी फुटक्या काहिलीत, आणि पंतांनी आपल्या स्नानाच्या घंगाळात लाविला, त्यामुळे पंत हल्ली विहिरीवर स्नान करितात. राज्यातील कोंबड्या उघड्यावर आल्या, कारण सगळी डालगी कमळांवर गेली. राणबाने आणखी विणली. आणि थोरल्या गादीस उत्तर गेले ते लेखकानेच लिहिले, दोनच ओळी: ‘पत्र पावले. यावे. तळे यंदा सात गावांत पसरले आहे, तेव्हा पाहणीस घरोघर फिरावे लागेल, पायांत मजबूत जोडे घालोन यावे.’

तात्पर्य, शत्रू दाती बळकट असला तरी त्याचे तोंड एकच असते, आणि आमची दारे पुष्कळ आहेत. हे लिहिते समयी शके सोळाशे त्रेचाळीस, प्लव नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पक्ष. वानरे अजूनही येतात, पाणकोंबड्याही आहेत, चार घरची फुले खातात, खावोत. अष्टमीस पंधरा-वीस दिवस आहेत. सरहद्दीपलीकडे धूळ उडताना दिसते. लेखकाच्या दारी म्हशीच्या डोणीत एक कळी आली आहे, शेजारी दोन, समोर एक, आणि गल्लीच्या टोकापर्यंत लेखकाने मोजिल्या त्या एकतीस. पुढची गल्ली मोजावयाची राहिली आहे.